आत्याच्या डबीतलं पाणी

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे शॉर्टसर्किट म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण फार लांब जाऊनही म्हणत नाहीत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात म्हणून हे नाव पडलं असेल असं नव्या गिऱ्हाइकाला वाटतं. ह्यांच्याशी थोडा वेळ बोललं की खरं कारण कळतं. राग कायम नाकावर. चहात साखर कमी पडली तरी ठिणगी, जास्त पडली तरी ठिणगी, आणि बरोबर पडली तर "आज काय विशेष?" म्हणून संशय.

आणि नाकाचा विषय निघालाच आहे तर सांगते, ह्यांचं खरं हत्यार तेच. गाडी आली की हे बॉनेट उघडत नाहीत, मीटर काढत नाहीत. दार उघडतात, गुडघ्यांवर बसतात आणि नाक सरळ पायाखालच्या कार्पेटला टेकवतात. गिऱ्हाईक बिचारं घाबरून मागे सरकतं. हे डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि निकाल देतात. "कुबट. पाणी शिरलंय. किती दिवस झाले?"

लोकांना वाटतं, लाइट आपोआप लागतो, काच आपोआप उतरते, बॅटरी उभ्या उभ्या बसते, म्हणजे वायरिंग गेलं. हे म्हणतात, "वायर बिचारी मुकी. तिच्या अंगावर पाणी कुणी सोडलं ते आधी शोधा." पाण्यासारखं लबाड दुसरं काही नाही असं ह्यांचं मत आहे. छतातल्या फटीतून शिरतं, वायरचा हात धरून आतल्या आत सरकत जातं, आणि पार मागे डिकीतल्या दिव्यात जाऊन उजेडात येतं. तो दिवा बदलणारे ढीग असतात. पाणी कुठून निघालं ते शोधणारा एकच, असं हे स्वतःच सांगतात, आणि ऐकणारा कंटाळला तरी पुन्हा सांगतात. नम्रपणा ह्यांच्या घराण्यात कुणी आणलाच नाही.

ह्यांचा आणखी एक नियम आहे. वायर कुठेही जोडायची तर जोडाच्या आधी तिला खाली एक झोळ द्यायचा. मग वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळून पडतं, जोडात शिरत नाही. उत्तम नियम. पण हा माणूस तो नियम घरी घेऊन येतो. आमच्या घरात टीव्हीच्या वायरीला झोळ, पंख्याच्या वायरीला झोळ, फोन चार्जिंगला लावला तर तिथे झोळ. कपडे वाळत घालायच्या दोरीलाही ह्यांनी झोळ दिला. माझे टॉवेल वाळता वाळता फरशी पुसतात.

मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या वडिलांची गाडी बघायला आले होते तेव्हा. मी पाणी घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, हा मुलगा माझ्याकडे टक लावून बघतोय. मी पदर सारखा केला, थोडी लाजले. हे माझ्या डोक्यावरून भिंतीवरचा ओलीचा डाग बघत होते. "हा डाग इथे दिसतोय, पण पाणी त्या पलीकडच्या कोपऱ्यातून येतंय," असं म्हणाले आणि पेला रिकामा करून परत दिला. वडिलांनी पलीकडचा कोपरा उकरला. पाणी तिथूनच येत होतं. मग हे तो कोपरा बघायला आले, तो वाळला का ते बघायला आले, आणि डाग पार गेला तरी येतच राहिले, तेव्हा घरच्यांनी ओळखायचं ते ओळखलं.

लग्न झालं आणि मी त्या शेडच्या संसारात पडले. शेड सासऱ्यांची. मोठी, पत्र्याची, मागे दोन खोल्या आमच्या आणि दोन थोरल्या भावोजींच्या. सासरे गेल्यावर दोघा भावांनी शेड अर्धी अर्धी केली. डावीकडे थोरल्या भावोजींचं गाड्या धुण्याचं केंद्र, उजवीकडे ह्यांचं वायरिंगचं दुकान. एक दिवसभर गाड्यांवर पाणी मारतो आणि दुसरा दिवसभर गाड्यांतलं पाणी काढतो. बाहेरच्या लोकांना वाटायचं, काय छान जोडधंदा आहे! एकाने बिघडवायची, दुसऱ्याने दुरुस्त करायची.

तसं नव्हतं. खरं तर दोघे मिळून एकच काम करायचे. गळती शोधायची तर एकाने गाडीत दारं लावून बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं, तेही बेताने, खालून वर, एका वेळी एकाच जागी. हे आत, भावोजी बाहेर. हे आतून छतावर एकदा टकटक करायचे, म्हणजे पुढे सरक. दोनदा केली, म्हणजे तिथेच थांब. बोलणं नाही, विचारणं नाही. मी आणि जाऊबाई चहा घेऊन उभ्या राहायचो आणि बघत बसायचो. पाण्याच्या नळीवर भावोजींचा हात असा, की गाडीला आंघोळ घालतात की बाळाला, कळू नये.

आणि हेच दोघे भांडले.

कारण एवढंसं. एका गिऱ्हाइकाची गाडी डावीकडे धुतली आणि उजवीकडे येऊन बंद पडली. हे म्हणाले, "दादा, तू इंजिनात प्रेशर मारलंस." भावोजी म्हणाले, "बारक्या, तुझ्या टेपला धड चिकटता येत नाही." मग ह्यांनी भावोजींच्या हाताचं नाव काढलं आणि भावोजींनी ह्यांच्या नाकाचं. त्यापुढचं मी सांगत नाही. शेजारची मांजर तेव्हा शेड सोडून गेली, ती अजून आलेली नाही.

त्या दिवसापासून अबोला. एका छपराखाली, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, दोन घोडे तोंडं फिरवून उभे. काम तर अडायचंच. मग गिऱ्हाइकामार्फत बोलणं सुरू झालं. "त्यांना सांगा, पाणी इकडे येतंय." गिऱ्हाईक मान वळवून सांगायचं, "पाणी इकडे येतंय." "त्यांना सांगा, उतारच तिकडे आहे." गिऱ्हाईक नसेल तर दोघे शेडच्या मधल्या खांबाला सांगायचे. तो खांब आमच्या घरातला सगळ्यात समजूतदार माणूस झाला होता.

मी आणि जाऊबाई हसून हसून मागच्या दारी बसायचो. पण एक दिवस हे म्हणाले, "मधे भिंत घालतोय. विटा सांगितल्यात." आणि पलीकडून भावोजी खांबाला म्हणाले, "बरं होईल." त्या दिवशी आम्ही दोघी हसलो नाही. रुसलेला माणूस आज ना उद्या बोलतो. भिंत बोलत नाही. जाऊबाई नुसती म्हणाली, "आता चहा कुठे उभं राहून प्यायचा गं आपण?"

आता आत्या. ही ह्यांची सख्खी आत्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा हिनेच दोघा पोरांना वाढवलं. केस पांढरेशुभ्र, आवाज खणखणीत, आणि चालवायला एक जुनी लाल गाडी. गाडी इतकी लहान की सगळे तिला डबीच म्हणतात. आत्या डबी अशी चालवते, जणू मागे कुणी लागलंय. दर आठवड्याला थोरल्या भाच्याकडून डबी धुऊन घ्यायची आणि धाकट्याकडून तपासून घ्यायची, हा तिचा शिरस्ता. भांडणानंतरही तिने तो मोडला नाही. आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोघांनाही शिव्या सारख्या.

भांडण ताजं असताना डबी बॅटरीसाठी उजवीकडे आली होती, तेव्हा ह्यांनी विडाच उचलला. "आता दादाच्या फवाऱ्यातला एक थेंब माझ्या वायरिंगला लागला तर बघ!" असं मला बजावून हे गाडीखाली शिरले. काळ्या सिलिकॉनची नळी घेऊन डबीचं एकूण एक भोक बुजवलं. खालची, दारांची, वायपरखालची, हाताला लागेल ते. बाहेर आले ते चेहरा काळा आणि छाती फुगलेली. "पाणबुडी केली तिची, पाणबुडी!"

पुढे काही महिने गेले आणि पाणबुडीला झटके यायला लागले.

ब्रेक दाबला की वायपर फिरायचा. डावीकडे वळलं की हॉर्न. दाराची काच मनाला येईल तेव्हा खाली जायची आणि मनाला येईल तेव्हा वर. आत्याला आधी गंमत वाटली. पण मग ती एका घरी समाचाराला गेली. माणूस गेलेलं घर, सगळे खाली मान घालून बसलेले, एकदम शांतता. आणि दाराशी उभ्या डबीने हॉर्न द्यायला सुरुवात केली. एकटीने. थांबेचना. कुणीतरी चावी घेऊन धावलं, तर दारं आतून लॉक झाली आणि वायपर फिरायला लागले. आत्या सांगत होती, "गेलेल्याची बायको, तीन दिवस तोंडात अन्नाचा कण नाही, ती पदरात तोंड खुपसून हसत होती गं! मी तिथे पुन्हा कोणत्या तोंडाने जाऊ?"

हे तिने आम्हाला सांगितलं ते नेमकं भिंतीच्या दिवशी. विटांचा ढीग शेडच्या मधोमध पडला होता, गवंडी जेवण उरकून येणार होता. आत्या डबीतून उतरली तेव्हा हॉर्न चालूच होता. तिने विटांकडे बघितलं, एका भाच्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं.

"हे काय?"

"भिंत," हे म्हणाले.

"माझी डबी नीट होत नाही तोवर यातली एक वीट हलवायची नाही. आणि डबी दोघांनी बघायची. एकट्याने हात लावला तर त्याचा कान माझ्या हातात येईल. तुमचे केस पिकलेत म्हणून सोडणार नाही."

हे खांबाला म्हणाले, "मला कुणाची गरज नाही."

ह्यांनी कार्पेटला नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. कुबट नव्हे, गटारीसारखा वास. पुढच्या सीटसमोर, फ्यूजबॉक्सच्या खाली, बोट दाबलं की पाणी वर येत होतं. "कुठून येतंय ते आत्ता दाखवतो." ह्यांनी स्वतःच बाहेरून पाणी मारलं, नळी टाकली, धावत आत जाऊन दार लावलं. तोवर थेंब पडून गेलेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आत्या विटांवर बसून शेंगदाणे खात बघत होती. भिजून ओलेचिंब झाल्यावर ह्यांनी नळी माझ्या हातात दिली. मी आयुष्यात पहिल्यांदाच ती नळी धरली होती आणि मला फार मजा आली. मी छतावर मारलं, काचेवर मारलं, चाकांवर मारलं, एकदा चुकून आत्यावरही मारलं. हे आतून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "अगं, खालून वर! एका जागी! आग विझवतेयस का?"

"मग ज्यांना येतं त्यांना बोलवा की," मी म्हणाले आणि नळी खाली ठेवली. जाऊबाईने ती उचलून गुपचूप भावोजींच्या हातात दिली.

भावोजींनी नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धार बारीक केली. ह्यांनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. घरात गेले, माझा पावडरचा डबा घेऊन आले. नवा डबा, मी अजून धड उघडलाही नव्हता! गाडीत बसून दारांच्या रबरावर, काचेच्या कडेला, सगळीकडे पावडर फासली. पाणी शिरलं की पांढऱ्यात रेघ उमटते, वाट कळते. मग दारं लावून घेतली.

टक. भावोजी पुढे सरकले. टक. आणखी पुढे. मी आणि जाऊबाई एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या. कोणी बोलत नव्हतं, पण हात तोच होता, टकटक तीच होती. किती महिन्यांनी ऐकत होतो!

आणि डबीला लहर आली. पीं! भावोजी दचकून थांबले. आतून टक. पीं पीं! भावोजी गोंधळले, मागे सरकले. आतून टकटक, टकटकटक. वायपर फिरायला लागला, लाइट लुकलुकायला लागला, हॉर्नने सूर धरला. कोणती खूण भावाची आणि कोणती गाडीची, काही कळेना. भावोजी खांबाला ओरडले, "अरे, त्याला विचारा, थांबू की सरकू!" खांब गप्प. आतून हे काचेला तोंड लावून काहीतरी सांगत होते. भावोजी ऐकायला वाकून काचेजवळ आले, नळी हातात तशीच, आणि नेमकी ती काच सर्रकन खाली गेली.

धार थेट ह्यांच्या तोंडात.

"दादा! बंद कर, दादा!"

सगळं थांबलं. हॉर्नसुद्धा थांबला, खोटं वाटेल तुम्हाला. पावडर आणि पाणी मिळून ह्यांच्या तोंडावर चिखल झाला होता, त्यात दोन डोळे लकाकत होते. भावोजींच्या हातातली नळी आता त्यांच्याच पायांवर वाहत होती.

"काय म्हणालास?"

"बंद कर म्हणालो."

"त्याच्या आधी?"

ह्यांच्या मिशीतून पांढरं पाणी गळत होतं. आत्याने शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "दादा म्हणाला. मी ऐकलं."

"पण मला कळलंय," हे घाईघाईने म्हणाले, आणि बोट दाखवलं. "दारं कोरडी आहेत, काच कोरडी आहे. ब्लोअरमधून येतंय, आणि तिथून फ्यूजबॉक्सवर. वरची जाळी काढ."

वायपरखाली एक प्लास्टिकची जाळी असते. तिच्या खाली पन्हळासारखी जागा असते, काचेवरून येणारं पाणी तिथे पडतं आणि कडेच्या भोकांतून गाडीखाली निघून जातं. भावोजींनी जाळी उचलली. खाली चक्क हौद भरला होता! त्यात पिकली पानं तरंगत होती. धुतलं की हौद भरायचा, भरला की ब्लोअरमध्ये ओसंडायचा.

भावोजींनी बाही वर केली, हात घातला, भोक चाचपलं. आणि त्यांचा चेहरा बदलला. बोट बाहेर काढलं तेव्हा नखात काहीतरी काळं, चिवट होतं. मी ते बघितलं आणि मला ह्यांची सिलिकॉनची नळी आठवली. पाणबुडी!

एका क्षणात सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आता भावोजी बोलणार, हे पेटणार, आणि संध्याकाळपर्यंत भिंत उभी. एवढे महिने "तुझ्या पाण्याने, तुझ्या पाण्याने" म्हणून ज्याला ऐकवलं, त्याच्या हातात आज ह्यांची चूक आली होती, आणि तीही आत्यासमोर.

भावोजींनी नख लुंगीला पुसलं. मूठभर पानं उचलून वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाला अडकलाय. बाकी काही नाही. कुणाच्याही गाडीत होतं."

जाऊबाईने सुस्कारा सोडला. आत्या मान डोलवायला लागली. विषय तिथे संपला असता, आमचे हे गप्प बसले असते तर. आणि मनात मी घाबरून म्हणतही होते, देवा, आज एक दिवस ह्यांना गप्प बसू दे!

पण हे खाली उतरले. अंगावरून पाणी निथळत होतं. भावोजींच्या हातातल्या पाल्याकडे बघितलं, मग भावोजींकडे. ह्यांच्या नाकातून गाडीतलं काही सुटत नाही, आणि हात घालायच्या आधीच ह्यांना कळलेलं असणार.

"पाला नाही, दादा," हे म्हणाले. आवाज एवढासा. "मी बुजवलंय. तुझं पाणी आत येऊ नये म्हणून बुजवलं. आलेलं बाहेर कुठून जाईल, हा विचारच केला नाही."

मला वाटलं, आता माझ्या डोळ्यांना पदर लावावा लागणार. पण भावोजींच्या घशातून कसलासा आवाज आला, मला आधी वाटलं ठसका लागला. ते हसत होते. "पाणी अडवायला... भोकं... निघायची भोकं बुजवलीस?" पुढे बोलता येईना. बॉनेटवर डोकं टेकून हसायला लागले. "आणि म्हणे नाक! हे नाक!" हे आधी तापले, मला ती ठिणगी दिसली, आणि मग ह्यांनाही हसू फुटलं. दोघे ओल्या जमिनीवर बसले, एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत. जाऊबाई हसता हसता रडायला लागली, मग मीही. आत्या सगळ्यांना शिव्या देत होती आणि तिचेही डोळे भरले होते.

गवंडी आला तेव्हा त्याला कुणीच दिसलं नाही. डबीखालून दोन जोड्या पाय तेवढे बाहेर आले होते. भोकांतलं सिलिकॉन काढायचं काम चाललं होतं, आणि दोघे एकमेकांना शिकवत होते.

"भिंत कुठून कुठे घ्यायची?" त्याने पायांना विचारलं.

"भिंत कसली?" एक आवाज आला. "इथे वाकायला जागा नाही. गाडी चढवायला चढ करून दे, पक्का. विटा पडल्यात त्याच."

"आणि मधे भोक ठेव रे, पाणी जायला!" दुसरा आवाज आला. तो आमच्या ह्यांचा होता.

चढ झाला. आता गाड्या त्यावर चढतात, दोघे खाली शिरतात, आणि मी आणि जाऊबाई त्याच्या कठड्यावर बसून चहा घेतो. पावडरचा डबा मला नवा मिळाला, तोही आता अर्धा संपलाय, आणि मी तोंडाला एकदाही लावलेली नाही. खांबाशी हल्ली कुणी बोलत नाही.

आणि ती पहिली गाडी, जिच्यावरून सगळं झालं, ती का बंद पडली ते अजून ठरलेलं नाही. हे म्हणतात प्रेशर, भावोजी म्हणतात टेप. रोज सकाळी शेड उघडली की दोघे त्यावरून भांडतात, अगदी समोरासमोर उभं राहून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी तो आवाज ऐकते आणि चहात साखर जरा जास्तच टाकते.